चाललाच आहात तर...

पद्माकर टेंबे ओट्यावर टूथब्रश आडवा धरून करवतीच्या पात्यानं त्याचा दांडा कापत होते, तेवढ्यात प्रेमाताई दूध तापवायला आल्या.

"हे काय चाललंय?"

"वजन कमी करतोय."

"ब्रशचं?"

"सगळ्याचंच. दात घासायला पुढचा भाग पुरतो. मागचा दांडा उगाच डोंगरावर वाहून कशाला न्यायचा?"

"खरंय. पण तो ब्रश माझा आहे."

पद्माकरांनी ब्रश नीट पाहिला. तोवर दांडा तुटून सिंकमध्ये पडला होता. मग त्यांनी मुकाट्यानं स्वतःचा ब्रश घेतला आणि तोही कापला. निदान अन्याय तरी दोघांवर सारखा व्हावा.

पद्माकरांची सगळी नोकरी बेंगळुरूच्या एका सरकारी प्रयोगशाळेत, यंत्रं किती हादरली म्हणजे तुटतात हे मोजण्यात गेली होती. गेल्या वर्षी निवृत्त झाल्यापासून मोजायला काही उरलं नव्हतं, म्हणून ते घरातल्या वस्तू मोजत. प्रेमाताईंचा स्वयंपाकघरातला वजनकाटा महिनाभर हॉलमध्ये होता आणि त्यावर मोज्यांपासून मेणबत्तीपर्यंत सगळं चढून उतरलं होतं. चकलीची भाजणी त्या बिचाऱ्या अंदाजानं करत होत्या.

कारण पद्माकर चालत निघाले होते. कारवारला उतरायचं, समुद्राच्या कडेकडेनं अंकोला करत गोकर्णला यायचं, तिथून डोंगराकडे वळून याणाच्या बाजूनं घाट चढायचा आणि शिरसी गाठायची. पाठीवर सॅक, सॅकमध्ये एका माणसाचा तंबू. संध्याकाळी वाळूत तंबू ठोकायचा आणि लाटा ऐकत एकट्यानं पडून राहायचं. हे स्वप्न त्यांनी नोकरीत असताना दोनदा पाहिलं होतं. एकदा ऑडिट आडवं आलं आणि एकदा मेव्हण्याचं लग्न. या वेळी त्यांना जायचंच होतं. आत्ता नाही तर कधीच नाही, असं गुडघा रोज सकाळी उठल्या उठल्या सांगत होता.

गुडघ्याच्या डॉक्टरांनी पाठीवर नऊ किलोच्या वर काही घ्यायचं नाही, असं बजावलं होतं. त्यात प्रेमाताईंची अट होती. निघायच्या आदल्या दिवशी भरलेली सॅक पाठीला लावून तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढून दाखवायचा, कठड्याला हात न लावता.

"आणि नाही जमलं तर?" पद्माकरांनी विचारलं होतं.

"तर तिकीट रद्द. समुद्र काही कुठं जात नाही, गुडघा जातो."

पद्माकरांनी ग्रॅम ग्रॅम करून सॅक बरोबर नऊ किलोला आणली. तंबू, स्लीपिंग बॅग, जमिनीवर घालायची मॅट, चिमुकला स्टोव्ह, रेनकोट, दोन जोड कपडे, अर्धा ब्रश. सॅक भरून त्यांना असा काही आनंद झाला, की त्या भरात त्यांच्या हातून चूक घडली. त्यांनी आपल्या वाटेचा नकाशा, प्रत्येक मुक्कामावर लाल टिंब देऊन, राजाजीनगरच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या कुठल्या ग्रुपवर लोकांनी अंगठे दाखवले असते, फार तर 'जपून हं' म्हटलं असतं. पण या मंडळाची रीत वेगळी होती. गावाकडे जाणारा माणूस रिकाम्या हातानं जाणं मंडळाला पाहवत नसे. कुरिअर ही ज्यांना कुणीच ओळखत नाही अशा लोकांची सोय, अशी तिथं सर्वांची ठाम समजूत होती. त्यामुळे पद्माकरांना जी सहलीची वाट वाटत होती, ती मंडळाला टपालाची वाट दिसली.

पहिल्या मजल्यावरच्या तानूबाई सर्वात आधी आल्या. निपाणीकडच्या, पण राजाजीनगरात सगळा जन्म गेलेला. सगळी बिल्डिंग त्यांना अक्का म्हणे.

"अण्णा, तुमी अंकोल्यावरनं चाललायसा न्हवं?"

"हो अक्का, पण चालत—"

"चालतच जावा की. घाई न्हाई. चाललाच हाय तर आमच्या सुखदाकडं एवढं द्या." त्यांनी पिशवीतून पितळेचं पुरणयंत्र काढून टेबलावर ठेवलं. टेबल करकरलं. "भाची हाय माझी. लगीन होऊन अंकोल्याला गेली, आनि पुरन मिक्सरात काढती म्हनं. ऐकून झोप लागंना मला."

"अक्का, हे जड आहे हो."

"स्वल्प जड हाय, सरी, कबूल. पर पितळंचं हाय, टिकतंय."

आता नाही म्हणायचं कोणत्या तोंडानं? टेंब्यांचा बेंगळुरूतला संसारच असा आला होता. लग्नानंतर पद्माकरांच्या आईनं पुण्याहून पाटा-वरवंटा पाठवला, तो मंडळाच्या नागनाथरावांनी गाडीत रात्रभर पायाशी सांभाळत आणला होता आणि वर 'त्यात काय' म्हणाले होते. ज्याच्या घरी दुसऱ्यानं आणलेला पाटा आहे, त्याला पुरणयंत्र नाकारता येत नाही.

पण सॅक नऊ किलोचीच राहायला हवी होती. पद्माकरांनी शास्त्रीय विचार केला. स्वयंपाकाची एक वस्तू आत आली, तेव्हा स्वयंपाकाची एक वस्तू बाहेर जावी. स्टोव्ह गेला. पुरणयंत्र त्याच्या कितीतरी पट भरत असल्यामुळे स्टोव्हच्या सोबतीला रेनकोट आणि मॅटही गेली.

संध्याकाळी खुद्द नागनाथराव आले. हातात खोकं.

"टेंबेसाहेब, आपले विश्वेश्वरराव कारवारला स्थायिक झाले. वार्षिक सभेत त्यांचा सन्मान ठेवला होता, पण ते येऊ शकले नाहीत. चाललाच आहात, तर मंडळाच्या वतीनं आपणच तो करावा." खोक्यातून संगमरवरी चौथऱ्यावरची पितळी समई निघाली. मग शाल. मग नारळ.

पद्माकरांनी सगळं सोसलं, नारळ मात्र सोसवेना. "नागनाथराव, कारवारला नारळ मिळतात हो. झाडावरून डोक्यात पडतात!"

"तो बाजारातला नारळ. हा मंडळाचा. याला अध्यक्षांच्या हस्ते कुंकू लागलेलं आहे."

काटा अकराच्या पुढे गेला. पद्माकरांनी पुन्हा विचार केला. शाल आहे म्हटल्यावर स्लीपिंग बॅग कशाला? ती काढली. ही शाल पहिल्याच दिवशी विश्वेश्वररावांच्या खांद्यावर जाणार, हे त्यांच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. समईसाठी तंबूच्या दांड्या काढाव्या लागल्या. दांड्या नसल्या की तंबू म्हणजे नुसती चादर, आणि नुसती चादर वाहून नेण्यात काय अर्थ? तंबूही गॅलरीत गेला.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रॉनिक सिटीहून अश्लेषा आली. मंडळाची नवी सभासद, मूळची पुण्याची. हातात काचेची बरणी, बरणीत बुडबुडे येणारं काहीतरी पांढरं.

"काका, तुम्ही लिटरली गोकर्णवरून जाताय! माझी फ्रेंड स्मृती तिथं कॅफे चालवते. तिला हे द्याल? हे सावरडोचं स्टार्टर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे पावाचं विरजण समजा. दोन वर्षं मी वाढवलंय. हिचं नाव बबडी."

"नाव कशाला?"

"जिवंत आहे ना ती! रोज एकदा थोडा मैदा आणि पाणी घालायचं, बस. हा मैदा. उन्हात नाही ठेवायची, आडवी नाही करायची आणि झाकण घट्ट लावलं तर फुटेल." अश्लेषानं बरणीकडे एकदा डोळे भरून पाहिलं. "कुरिअरवर माझा ट्रस्टच नाही, काका. तुमच्यावर आहे."

बबडी आणि तिचा शिधा आत आला. पद्माकरांचे कपडे बाहेर पडले.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण पार्सल कुणाच्या हाती येतंय हे समजल्यावर पलीकडून फोन येऊ लागले. कारवारहून विश्वेश्वररावांनी सांगितलं, "मुक्काम आमच्याकडेच. माझ्या घरासमोर तुम्ही वाळूत झोपणार? लोक मला काय म्हणतील?" अंकोल्याहून सुखदानं कळवलं, की पुरणयंत्र येतंय तर पुरणपोळ्यांचाच बेत केलाय, आणि मावशीनं गादी घालायला सांगितलीय. स्मृतीनं कॅफेच्या वरची खोली झाडून ठेवली. नकाशावरच्या प्रत्येक लाल टिंबावर आता एकेक छप्पर आलं. बाहेर काढलेल्या सामानाची तशीही गरज उरली नाही, अशी पद्माकरांनी स्वतःची समजूत घातली. मग गॅलरीत जाऊन ते तंबूच्या पिशवीजवळ बराच वेळ उभे राहिले.

परीक्षेच्या दिवशी प्रेमाताई दारात ताकाचा पेला घेऊन उभ्या होत्या. काट्यानं नऊ दाखवले होते. पद्माकर तळमजल्यावरून निघाले. पहिल्या मजल्यावर तानूअक्कांनी दार उघडून, "सावकाश हो अण्णा, पुरनयंत्राची मूठ निसटंल!" असा आशीर्वाद दिला. दुसऱ्या मजल्यावर सॅकमधून समई पाठीत टोचली. बबडी आडवी होऊ नये म्हणून ते ताठ, पाठीत दांडकं घातल्यासारखे चढत होते. कठड्याला हात न लावता ते तिसऱ्या मजल्यावर पोचले आणि सॅक उतरवून चपलांच्या कपाटावर बसले.

"पास," ते म्हणाले.

"पास," प्रेमाताईंनी मान्य केलं आणि पेला दिला. "आता उघडा बघू. यात तुमचं काय आहे ते मला बघायचंय."

एकेक वस्तू बाहेर आली. पुरणयंत्र. समई. शाल. नारळ. मैदा. रागानं फसफसणारी बबडी. शेवटी अगदी तळातून एक मोज्याचा जोड आणि अर्धा ब्रश.

"तंबू?"

"गॅलरीत."

"आणि झोपायची पिशवी?"

"तीही गॅलरीत. तंबूला सोबत."

प्रेमाताईंना हसू येत होतं, पण नवऱ्याचं तोंड पाहून त्यांनी ते गिळलं.

"मला नाही म्हणता आलं नाही गं," पद्माकर म्हणाले. "पाटा दिसतो डोळ्यांसमोर. पण खरं सांगू? मला कुणाच्या घरी झोपायचं नव्हतं. गादी नको होती, पोळी नको होती. जन्मभर यंत्रांचा आवाज ऐकला. एकदा फक्त समुद्र ऐकायचा होता. एवढंच." ते उठले. "जाऊ दे. तिकीट रद्दच करतो. पार्सलं बघू, दुसरं कुणीतरी जाईलच."

ते आत मोबाईल शोधायला गेले. परत आले तेव्हा हॉलच्या मधोमध प्रेमाताईंची चाकांची मोठी बॅग उघडी पडली होती आणि त्या पुरणयंत्र साडीत गुंडाळत होत्या.

"हे काय?"

"तुम्ही चाललाच आहात तर म्हटलं मीही निघते. माझं तिकीट आत्ताच काढलं, मिळालं नशिबानं." त्यांनी समई चादरीत ठेवली. "तुम्ही किनाऱ्यानं चाला, मी बसनं पुढे जाते. विश्वेश्वररावांना शाल मी घालते, सुखदाची पुरणपोळी मी खाते, गादीवर मी झोपते. बबडीला मैदासुद्धा मीच घालते. तुमची हौस ती तुमची, मंडळाची माझी. शिरसीला भेटू."

पद्माकरांनी हातातला मोबाईल टेबलावर ठेवला. "पण तुझी तयारी? उद्या सकाळी तर गाडी!"

"कसली तयारी? माझा ब्रश तर तुम्ही कधीच प्रवासाला तयार करून ठेवलाय."

पद्माकर गॅलरीकडे अक्षरशः धावले. तंबू, दांड्या, मॅट, स्टोव्ह, सगळं पुन्हा सॅकमध्ये गेलं. काटा पुन्हा नऊ.

"जिना परत चढू?" त्यांनी दारातून विचारलं.

"नऊ म्हणजे नऊ. पितळेचे काय आणि तंबूचे काय."

दुसऱ्या दिवशी सकाळी यशवंतपूरला गाडीत दोघं समोरासमोर बसली. प्रेमाताईंच्या मांडीवर बबडी होती आणि शेजारचे प्रवासी तिच्याकडे संशयानं बघत होते. पद्माकरांचं लक्ष मात्र फलाटाकडे होतं. अजूनही ऑडिटवाला कुणीतरी धावत येईल अशी त्यांना भीती होती. कुणी आलं नाही. गाडी हलली. फलाट मागे सरकू लागला, आणि पद्माकरांच्या चेहऱ्यावर शाळेला अचानक सुट्टी मिळाल्याचा आनंद पसरला.

तेव्हा प्रेमाताईंनी पर्समधून एक नारळ काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"चाललाच आहात तर हा समुद्रात टाका."

"अगं, हा नागनाथरावांचा—"

"त्यांचा बॅगेत आहे. हा माझा. नवसाचा. गाडी हलेपर्यंत बाहेर काढायचा नाही, असं ठरवलं होतं. तुमचे बेत मला माहीत आहेत."

"नवस? कसला?"

"तुम्ही एकदाचे निघालात तर समुद्राला नारळ देईन, असा."

पद्माकरांना एकदम भरून आलं. ज्या बाईनं जिन्याची अट घातली, तिनं गुपचूप त्यांच्यासाठी नवस बोलावा! "प्रेमा, मला वाटत होतं तुला हे सगळं वेडेपण वाटतं. कधी बोललीस गं नवस?"

"तुम्ही रिटायर झालात ना, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात," प्रेमाताई बबडीचं झाकण सैल करत म्हणाल्या. "माझी तूरडाळ वजन करून परत डब्यात भरलीत, त्या दिवशी."

पद्माकरांनी सवयीनं नारळ तळहातावर तोलून पाहिला. मग सॅक उघडली आणि तो तंबूच्या शेजारी नीट बसवला.

"नऊच्या वर जाईल हं," प्रेमाताई म्हणाल्या.

"जाऊ दे," पद्माकर म्हणाले.