धानाच्या राखेची झिलई

आमच्या शेजारचे दौलतभाऊ कुंभार सकाळी दारात आले की रामराम करत नसत. विचारत, "वहिनी, काल चुलीत काय जाळलं?"

मी दाराआडून सांगायची, "मोहाचं लाकूड."

ते चिमूटभर राख हुंगत. "हे नोको. धानाच्या भुशाची असन तं द्या."

हे खूळ मोबाईलमुळे लागलं. त्यात जपानातला एक म्हातारा कुंभार वाट्या करतो. राख पाण्यात कालवून वाटीवर चढवतो आणि भाजतो. वाटी धुक्यातल्या तलावासारखी पांढरी, चकचकीत निघते. ती राख धानाची, हे शाळेतल्या गुरुजींनी वाचून सांगितलं. भाऊंना त्याची बोली कळत नसे, तरी ते त्याच्यावर ओरडत. "हळू कर ना बुढ्या, दिसून नाही राहिलं."

आणि आम्हाला म्हणत, "तिकडचे लोक पन भातच खातेत. त्यायची राख पिघलते, तं आपली काहून नाही पिघलनार?"

आपली पिघळत नव्हती. भट्टीतून वाटी निघे ती राख माखूनच. बायका म्हणत, "भाऊ, भांडे घासाले बरी हाय तुमची वाटी." भाऊ म्हणत, "बुढ्याची पन पयली फसली असन." मडकी करणं तर त्यांनी सोडूनच दिलं होतं.

त्यांच्या बायकोचे, सगुणाबाईचे डोळे साखरेच्या आजारानं चालले होते. सारवलेल्या भुईवर मातीचं भांडं तिला दिसेना. चाचपडताना चहा सांडे. पांढरं, चमकणारं तेवढं दिसे. तेही जाणार, असं नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं.

मी एकदा धीर करून म्हटलं, "भाऊ, साकोलीत पांढरे कप भेटतेत."

"कुंभाराच्या बायकोनं इकतच्या कपात चहा प्यावा का, वहिनी? तिले दिसते तवरच एक करून देतो."

आच वाढावी म्हणून त्यांनी विटांची उभी भट्टी रचली, लोहाराचा पंखा आणला, दगडी कोळसा आणला. पहिल्यांदा भट्टी फुटली. दुसऱ्यांदा सगळ्या वाट्या वितळून एकमेकींना चिकटल्या. तोवर सगुणाबाईला दिसणं पार बंद झालं. तिनं भाऊंना सांगितलं नाही. मला कळलं, कारण तिची वेणी मी घालायची, आणि ती आरसा उलटा धरून बसायची.

एका दुपारी मी तिचे केस विंचरत होते, तेव्हा भाऊ धावत आले. भट्टीतून एक वाटी धड निघाली होती, एका बाजूनं बसकी. त्यांनी ती तिच्या हातात दिली.

तिनं कडेवरून अंगठा फिरवला. राख कुठं लागली नाही. गुळगुळीत होती.

"अवो, किती पांढरी झाली," ती म्हणाली. "बगळ्यावानी."

वाटी शेवाळासारखी हिरवी निघाली होती.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी फणीकडे पाहिलं. मग ते तिच्याजवळ खाली बसले.

"हो," ते म्हणाले. "बगळ्यावानीच."