केळीच्या सालींची परीक्षा

तीन वर्षं संशोधक बाईंच्या घरात सगळ्यांनी केळी खाल्ली, खावीच लागली. साली प्रयोगशाळेत जायच्या, तिथे त्यांचा कोळसा व्हायचा आणि त्या कोळशाची भुकटी पाण्यातलं शिसं आपल्या अंगाला चिकटवून घ्यायची. निदान बाईंचं म्हणणं तसं होतं. आज ते तपासायला समिती येणार होती. तिला पटलं नाही तर प्रकल्प बंद आणि बाईंची नोकरीही.

बाईंनी शिसं मिसळलेलं पाणी आदल्या दिवशीच कॅनमध्ये तयार ठेवलं होतं. समितीसमोर ते शिसं मोजणाऱ्या यंत्रात घातलं. पाण्यात शिसं आढळलं. आकडा ठरल्यापेक्षा जरा कमी आला, पण यंत्राचे रुसवेफुगवे नेहमीचेच. मग पाणी भुकटीच्या नळीतून थेंबथेंब उतरलं आणि शिसं जवळजवळ नाहीसं झालं! अध्यक्षांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

आता शिपायालाही राहवेना. "बाई, थोडी मेहनत माझीपण आहे हां यात. सकाळी कॅनमधलं शिळं पाणी ओतून ताजं भरलं मी. पाहुण्यांपुढे शिळं कसं ठेवायचं?"

"ताजं? कुठून भरलंत?"

"कुठून म्हणजे? बाहेरच्या पिण्याच्या नळावरून. वीस वर्षं सगळ्यांच्या बाटल्या तिथेच तर भरतोय."

एका सदस्याने हातातला पेला हळूच टेबलावर ठेवला आणि तो दूर सरकवला. बाईंनी घाईघाईने पर्समधला फोन शोधला. घरच्या टाकीवर भरवसा नाही म्हणून लेकीसाठी त्या रोज याच नळाची बाटली भरून नेत होत्या.

अध्यक्ष मात्र खुलले. "अहो, मग तर उत्तमच! तुमची भुकटी खऱ्या पाण्यावरही चालते म्हणायची. दोन वर्षं मुदतवाढ!" लगोलग त्यांनी शेराही मारला : 'शिशाचे द्रावण यापुढे वेगळे तयार करू नये. कार्यालयात ते मुबलक उपलब्ध आहे.'

सगळे अभिनंदनाला पुढे सरसावले, तेव्हा बाई कोपऱ्यात फोन कानाला लावून उभ्या होत्या. आनंद करावा की रडावं, त्यांना कळत नव्हतं.

"बाळा, बाटलीतलं पाणी पिऊ नकोस. ओतून टाक सगळं."

"आता काय ओतू? संपलं की कधीच," लेक अभिमानाने म्हणाली. "तूच म्हणतेस ना आई, एक थेंबसुद्धा उरता कामा नये!"