राखणदाराची शिकवणी

सोमवारी सकाळी आठला झेंडा वर गेला, राष्ट्रगीत संपलं आणि विचियन सरांनी माइक हातात घेतला. सर मूळचे कवायतीचे मास्तर, आता बान नोंगसाय शाळेचे मुख्याध्यापक. छाती फुगवून त्यांनी जाहीर केलं, "आजपासून या फाटकाच्या आत थाईचा एक शब्द ऐकू येता कामा नये! इंग्रजी! फक्त इंग्रजी! आपली शाळा अख्ख्या सीसाकेत प्रांतात पहिली येणार म्हणजे येणारच!"

हे सगळं अर्थातच थाईत. नाहीतर कळणार कुणाला?

सरांचंही अगदीच चुकत नव्हतं म्हणा. पटावर पोरं उरली होती सत्त्याण्णव. चौदा किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत गोरा मास्तर आला आणि आमची पोरं टोळीटोळीनं तिकडे पळाली. शुक्रवारी वरून तपासणी येणार होती. तीत नापास झालो की शाळेला कुलूप आणि सरांची रवानगी कुठल्यातरी कचेरीत, फायलींवरची धूळ झटकायला!

दुसरीला थाई शिकवणाऱ्या लमदुआन बाई हळूच म्हणाल्या, "सर, पोरं घरी लाओ बोलतात. निम्म्यांना अजून थाई अक्षरं लागत नाहीत. त्यात आता हे तिसरं..."

"बाई, थाईत बोलताय!"

बाई नुसत्या हसल्या. आमच्याकडे वरिष्ठांना 'नाही' म्हणायची पद्धत नाही. हसायचं आणि काय काय होतंय ते बघत बसायचं.

नवीन काही सुरू करायचं तर आधी जागेच्या देवाला, राखणदाराला, गाऱ्हाणं घालायला हवं. शाळेची जागा त्याची. चिंचेखाली त्याचं चार खांबांचं घरकुल होतं आणि शाळेचे शिपाई थोंगमाकाका हेच त्याचे पुजारी. राखणदाराला काही सांगायचं असलं की तो काकांच्या अंगात येई. काकांनी उकडलेली अंडी, चिकट भात आणि स्ट्रॉ घातलेली लाल सोड्याची बाटली मांडली, हात जोडले, तोंड उघडलं, तोच सर ओरडले, "थांबा! चिंच फाटकाच्या आत की बाहेर?"

"आत."

"मग इंग्रजीच!"

आणि सरांनी स्वतः कागदावरून इंग्रजीत गाऱ्हाणं घातलं. आवाज मात्र कवायतीचा. सावधान-विश्राम सांगावं तसं त्यांनी राखणदाराला दामटून सांगितलं. शेवटचा शब्द तोंडातून बाहेर पडतो न पडतो तोच, कडाड! चिंचेची फांदी सरांच्या नव्या पिकअपवर!

मंगळवारी पाण्याचा पंप जळाला. बुधवारी झेंड्याच्या खांबावर गांधीलमाशा उठल्या आणि अख्ख्या शाळेनं राष्ट्रगीत पळत पळत म्हटलं. दहाच्या सुमाराला फाटकावर तीस-चाळीस आया येऊन थडकल्या.

"राखणदाराला शिव्या घातल्यात म्हणे!"

"शिव्या कसल्या हो? विनंती होती!"

"मग कळेल अशा भाषेत करायला काय झालं होतं? चारशे वर्षांच्या म्हाताऱ्याच्या अंगावर असं परक्या भाषेत धावून जातं का कुणी? उद्यापासून आमची पोरं मोठ्या शाळेत!"

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. शुक्रवारी तपासणीला दाखवायला पोरंच नसली तर? तेवढ्यात थोंगमाकाकांचे खांदे घुमू लागले, डोळे पांढरे झाले आणि आवाज घोगरा आला, "माझ्या जागेत मला न विचारता भाषा बदलता? खुशाल बदला! पण मग आधी मला शिकवा! रोज सकाळी शिकवणी पाहिजे!"

"हात्तिच्या! एवढंच ना?" म्हणत सरांनी लगेच हजेरीपुस्तक मागवलं. विद्यार्थी क्रमांक अठ्ठ्याण्णव. नाव राखणदार, वय अंदाजे चारशे, पालकांचा व्यवसाय माहीत नाही. आया शांत होऊन घरी गेल्या.

गुरुवारी घरकुलापुढे फळा लागला. सरांनी शिकवायला सुरुवात केली खरी, पण दर दोन मिनिटांनी काकांचे खांदे घुमत. "कळलं नाही! थाईत सांगा!" आता राखणदाराला दटावणार कोण? सरांनी घाम पुसत थाईत सांगितलं. तरी खांदे घुमलेच. "लाओत सांगा!" तेव्हा लमदुआन बाईंना बोलावणं गेलं. बाईंनी आधी लाओत गोष्ट सांगितली, मग थाईत लिहिली, मग त्यातली चार वाक्यं इंग्रजीत केली. खिडकीतून दुसरीचं एक पोर किंचाळलं, "बाई, हे आम्हाला कळतंय!" झालं! दुसरी बाहेर आली, मागोमाग पाचवी आली, स्वयंपाकीणबाई पळी घेऊन आल्या. दुपारपर्यंत सगळी शाळा चिंचेखाली आणि वर्ग ओस!

शुक्रवारी तपासणीला बँकॉकहून पतचरी मॅडम आल्या. चिंचेखाली पोरं, मास्तर, आया मिळून शंभरावर माणसं, पुढे एक घरकुल. त्यांनी विचारलं, "हा वर्ग कुणाचा?"

"राखणदाराचा," सर पुटपुटले.

मॅडम बँकॉकच्या असल्या म्हणून काय झालं? आधी त्यांनी चपला काढून घरकुलाला हात जोडले. मग फाईल उघडून म्हणाल्या, "पटावर नाव आहे म्हणजे परीक्षा घ्यावी लागेल."

त्यांनी इंग्रजीत प्रश्न विचारला. सर मनातल्या मनात कचेरीतली धूळ झटकू लागले. काकांचे खांदे घुमले आणि आली की हो इंग्रजी! धो धो! पाच मिनिटं अखंड! मॅडम दोनदा खळखळून हसल्या, एकदा त्यांनी डोळेही टिपले.

गाव आ वासून बघत राहिलं. मग एक आई उठली. "राखणदार दोन दिवसांत शिकला! आमचं पोरगं सहा वर्षांत 'आय अ‍ॅम फाइन'च्या पुढे गेलं नाही! ह्याला काय शिक्षण म्हणायचं, सर?"

सरांनी घाईघाईनं मॅडमना चहाला नेलं!

अहवाल आला. 'मुलांना कळणाऱ्या भाषेतून शिकवलं जातं, सबब शाळा चालू ठेवावी. इंग्रजी उत्तम येणारे विद्यार्थी: अठ्ठ्याण्णवांपैकी एक.' सरांना खरंच रडू फुटलं. शाळा वाचली होती! वर आजूबाजूच्या गावांतूनही राखणदाराच्या वर्गासाठी पोरं यायला लागली.

मग एक दिवस सरांनी थोंगमाकाकांना बाजूला घेतलं. "खरं सांगा काका, ही इंग्रजी आली कुठून?"

"पोरसवदा होतो, व्हिएतनामची लढाई चालू होती, तेव्हा उबोनच्या विमानतळावर अमेरिकन शिपायांच्या खानावळीत सहा वर्षं भांडी घासली, साहेब. शिव्यांपासून सगळी येते."

"अहो, मग हे आधी सांगायचं! राखणदाराला कशाला मध्ये आणलंत?"

"सांगितलं की, साहेब!" काका कळवळून म्हणाले. "सोमवारी सांगितलं, मंगळवारी सांगितलं, बुधवारी तर घंटेखाली उभं राहून ओरडून सांगितलं. तुमच्या हुकमाप्रमाणे, इंग्रजीत! तुम्ही दर वेळी मान डोलावलीत आणि मला अर्ध्या दिवसाची रजा दिलीत."