डॉमनिक अंकलची सहा जणं

"फिलोमेना आज बस्त्यावशी बोलत नाही," असं डॉमनिक अंकल सकाळी चहा पिता पिता म्हणाले, तेव्हा मला वाटलं फिलोमेना म्हणजे त्यांची बायको. आम्ही त्यांच्याकडे राहायला येऊन चारच दिवस झाले होते. मी विचारलं, "त्या बाहेर येत नाहीत का कधी? त्यांना चहा नेऊन देऊ?"

अंकल म्हणाले, "चहा नको बाय. ती बेडूक खाते."

मग मला पुढच्या खोलीत नेऊन दाखवलं. बेकरीत केक ठेवायचं असतं ना, तसलं काचेचं कपाट, त्यात वर पिवळा बल्ब आणि आत सहा साप. हिरवे, बारीक, छडीसारखे. मी रूपाला कडेवर घट्ट धरलं, मागच्या आमच्या खोलीत पळाले आणि दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला.

ही ऐंशी-एक्क्याऐंशीची गोष्ट, ऑस्ट्रेलियातल्या वेंटवर्थव्हिलची. रूपा आठ महिन्यांची होती. आमचे हे फॅक्टरीत, कधी सकाळची शिफ्ट कधी दुपारची, आणि मी आठवी नापास, इंग्रजीत येस आणि थँक्यू एवढंच. हे घर मिळालं ते तरी कसं, तर स्टेशनवर ट्रेन चुकली म्हणून कुणीतरी अस्सल मराठीत शिवी दिली, ह्यांनी वळून बघितलं, तर अंकल. वसईचे. युनिव्हर्सिटीत जनावरांना खायला घालायची नोकरी. पन्नाशी उलटलेली, घरात एकटे, मागची खोली रिकामी.

"अगं बिनविषारी आहेत ते," हे म्हणायचे.

"विष नसलं म्हणून काय झालं, साप तर आहेत ना," मी म्हणायचे. रूपाला मी जमिनीवर ठेवतच नव्हते. बाथरूमला जाताना सुद्धा कडेवर.

अंकलला मात्र वाटे मला त्यांच्या सापांची फार काळजी आहे. दारात उभे राहून बातम्या द्यायचे. लपायला सहा जागा करून दिल्यात, सहा कौलं उपडी घातलीत, पण सगळी एकाच कौलाखाली घुसतात. त्यातही ठरलेलं असतं कोण कोणाला चिकटून बसणार. बस्त्याव धीट, बाहेर पहिला तो. फिलोमेना लाजरी, तो निघाला की मग ती. अंकलने प्रत्येकाच्या शेपटीवर नेलपॉलिशचे ठिपके दिले होते, कुणाला एक, कुणाला दोन. रविवारी चर्चमधून, मास आटपून आले की सगळ्यांना उचलून ह्याला तिकडे, तिला इकडे असं करायचे आणि घड्याळ घेऊन बसायचे.

"बघत राहा बाय. तासाभरात परत आपापल्या माणसाजवळ."

"माणूस कुठे अंकल, साप आहेत."

"तेच ते," अंकल म्हणायचे.

मग आईचं पत्र आलं, नागपंचमी अमुक दिवशी आहे, त्या दिवशी काही चिरू नको, तळू नको, तवा ठेवू नको, नागाला दूध लाह्या दे आणि पोरीला सांभाळ. मी हादरलेच. तिकडे आम्ही पाटावर गंधाने नाग काढून पूजा करायचो, आणि इथे माझ्या लेकरापासून दहा पावलांवर सहा जिवंत. त्यांना उपाशी ठेवलं आणि रूपाला काही झालं तर?

त्या दिवशी अंकल कामावर, हे पण सकाळच्या शिफ्टला. मी आंघोळ केली, दिंडं उकडायला ठेवली, दुधाच्या बाटलीत हळद घातली. लाह्या कुठून आणणार, नाश्त्याचे फुगवलेले तांदूळ घेतले. रूपाला एका हाताने धरलं, लाकडी चमचा अडकवून कपाटाचं वरचं झाकण दोन बोटं उघडं ठेवलं, डोळे मिटले आणि अख्खी बाटली ओतली.

फट्ट करून बल्ब फुटला.

झाकण टाकून मी जी पळाले ती खोलीत. ऑगस्ट म्हणजे इकडे कडाक्याची थंडी, हे मला माहीत होतं, पण सापाला थंडी लागते, तो बल्ब त्यांच्या उबेसाठी होता, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दुपारी हिंमत करून डोकावले. सहाही जणं एका कोपऱ्यात पिवळी, ओली, एकमेकांत गुंता होऊन पडलेली. हलत नव्हती. नागपंचमीच्या दिवशी मी सहा साप मारले होते.

साडेतीनला अंकल आले. मी दारातच सगळं सांगून टाकलं, रडत रडत, आणि म्हटलं, आम्ही आज जातो, कुठेही जातो.

अंकल म्हणाले, "दूध किती गरम होतं?"

"फ्रीजमधलं होतं."

"बरं. पोरीला माझ्या पलंगावर ठेव. मला चार हात लागतील."

मी ठेवली. कशी ठेवली देव जाणे. अंकल एकेकाला सोडवून कोमट पाण्याने धूत होते, मी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात फडकी घालून देत होते. सहा डबे, सहा जणं, ओव्हनचं दार उघडून त्याच्यासमोर ओळीने. हळूहळू एक वळवळला, मग दुसरा. बस्त्यावने तर मानच वर काढली. फिलोमेना तशीच.

अंकलने बराच वेळ बघितलं. मग बस्त्यावला उचलून तिच्या डब्यात घातलं. तो तिच्यावरून एकदा गेला, मग वेटोळं घालून तिच्या अंगावर बसून राहिला. आम्ही दोघं जमिनीवर उकिडवे. किती वेळ गेला कोण जाणे, आणि तिने जीभ काढली. एवढीशी. मी अंकलचा हात धरला होता हे मला नंतर कळलं.

"जगली," अंकल म्हणाले. मग डब्याकडेच बघत म्हणाले, "पहिला मी एकच आणला होता, बाय. दीड महिना तो जेवला नाही, नुसता पडून असायचा. मी डॉक्टरला सुद्धा नाही दाखवला. मी पण तेव्हा नवीनच होतो इकडे. मला वाटलं, इथे असंच असतं."

आत रूपा पलंगावर एकटीच हसत होती. मी म्हटलं, "अंकल, दिंडं केलीयत. पुरणाची. खाणार?"

ते उठून सवयीने, रोज एकटे उभ्याउभ्या जेवायचे तसे, सिंकपाशी जाऊन उभे राहिले, ताटली हातात घ्यायला. मी दोन ताटं खाली मांडली. ते जरा गोंधळले, मग बसले. तीन दिंडं खाल्ली, तूप मागून घेतलं, आणि चौथं मोडता मोडता विचारलं, "उद्या काय असतं तुमच्यात?"

"उद्या? उद्या काही नाही अंकल. बुधवार."

अंकलने मान हलवली. चौथं दिंड संपवलं.

"बुधवारी जेवायला किती वाजता?" त्यांनी विचारलं.