आम्ही त्यात नाय

माणूस जिवंत असल्याची बातमी सहसा कोणी फोन करून देत नाही. भास्करराव विधाते देतात. आमच्या घरी फोन करून ते आणि मी असे दोघेही जिवंत असल्याचं त्यांनी इतक्या वेळा कळवलंय, की आमची सुनंदा म्हणते, उद्या तुमचं काही बरंवाईट झाल्याचं कानावर आलं, तरी मी आधी भाऊजींना विचारीन.

फोनची पद्धत ठरलेली. "वहिनी, शिंद्याच्या टोलनाक्यापाशी लय मोठा ॲक्सिडेंट झालाय." एवढं बोलून ते थांबतात. यात नाटकीपणा काही नसतो, तेवढ्यात ते तोंडातली तंबाखू या गालातून त्या गालात सरकवत असतात. इकडे सुनंदाच्या हातातलं भांडं ओट्यावर आपटतं. मग पुढचं वाक्य येतं, "आम्ही त्यात नाय." वाक्यांचा क्रम बदला असं तिने त्यांना कितीदा तरी विनवलं. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की आधीच 'आम्ही नाय' म्हटलं तर कशात नाय, ते समोरच्याला कसं कळणार?

भास्करराव आमच्या सिन्नरच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतात. घर मखमलाबादला, मळ्यात. भाऊ झेंडू आणि कोथिंबीर पिकवतात, हे नोकरी करतात. सोळा-सतरा वर्षं मी त्यांच्या पांढऱ्या गाडीतून जातो-येतो. मी क्वालिटी खात्यात आहे. चुका काढण्याचाच मला पगार मिळतो आणि ती खोड सुट्टीच्या दिवशीही जात नाही, म्हणून ते मला मास्तर म्हणतात.

पुणे रस्त्यावर अपघात झाला की काय होतं, हे कोणाही नाशिककराला सांगायला नको. अपघात एका बाजूला होतो आणि गाड्या दोन्ही बाजूंना तुंबतात. दुभाजकापलीकडून चाललेली, काडीचा संबंध नसलेली मंडळीसुद्धा ब्रेक दाबतात, काच खाली करतात आणि मान बाहेर काढतात. मी याला फुकटचा तमाशा बघायची हौस म्हणायचो. भास्कररावांना ते मुळीच मान्य नाही. गाडी तेही बैलगाडीच्या चालीने नेतात, पण त्यांची नजर नंबरप्लेटवर असते. "मास्तर, पासिंग बघा, पासिंग." पंधरा असलं, म्हणजे गाडी नाशिकची निघाली, तर आपली गाडी कडेला घेऊन उतरायचं हे नक्की. एकेचाळीस दिसलं तर "मालेगावकर दिसतो बिचारा" म्हणून हळहळायचं आणि उतरायचं. बारा दिसलं तर "पुण्याचा हाय, त्याचं त्याचे लोक बघतील" असं म्हणायचं आणि तरीही उतरायचंच. मग पासिंग कशाला बघायचं, या माझ्या प्रश्नाला त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.

एकदा मात्र त्यांनी मला नीट समजावलं. "बघायला कोण थांबत नसतं, मास्तर. आपलं माणूस त्यात नाय ना, एवढीच खात्री करून घेतो माणूस. नाय म्हणून कळलं की लगेच गिअर टाकतो." मी त्यानंतर लोकांचे चेहरे पाहायला लागलो. गोष्ट खरी होती. मी ती त्यांच्याजवळ कबूल केली नाही, एवढंच.

स्वतःची खात्री झाली की भास्करराव इतरांची करून द्यायला बसायचे. त्यांचं तर्कशास्त्र साधं होतं. गाडीच्या आधी बातमी घरी पोचते आणि बातमीत 'पांढरी गाडी होती' याच्यापलीकडे काही नसतं. निम्म्या नाशकाकडे पांढऱ्या गाड्या, म्हणजे निम्म्या नाशकाच्या जिवाला घोर. म्हणून पहिला फोन घरी, कमलवहिनींना. दुसरा आमच्याकडे. तिसरा मनमाडला मेव्हण्यांना, ज्यांना अपघाताचा पत्ताच नसायचा. कमलवहिनी फक्त "बरं, या" म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या. तेवढ्याने यांचा चेहरा असा खुलायचा, की मला हेवा वाटायचा.

मनमाडचे मेव्हणे रेल्वेतून निवृत्त झालेले, कानाने थोडे अधू. एकदा त्यांना पहिलं वाक्य ऐकू आलं आणि दुसरं आलंच नाही. फोन शनिवारी संध्याकाळचा, आणि ही रविवारची सकाळ. मिळेल ती गाडी पकडून खांद्यावर टॉवेल टाकलेले पाच जण मखमलाबादला येऊन थडकले, तेव्हा भास्करराव घरापुढच्या ओट्यावर बसून मिसळ खात होते. दुसऱ्या कोणी लाजेने मान खाली घातली असती. यांनी आणखी पाव मागवले, पाचही जणांना पोटभर खाऊ घातलं आणि दुसऱ्या दिवशी मला अभिमानाने सांगितलं, "मास्तर, पाच माणसं हायेत आपल्याला."

हे खूळ आलं कुठून, ते मला कमलवहिनींनीच सांगितलं होतं. मोबाइल नव्हते तेव्हाची गोष्ट. भास्कररावांची निळी स्कूटर होती. नाशकात द्वारका चौकाजवळ एका निळ्या स्कूटरला ट्रकने उडवल्याची बातमी संध्याकाळच्या शेवटच्या बसने मळ्यात पोचली आणि हे तर अजून घरी आलेले नव्हते. वहिनी झेंडू तोडत होत्या. त्या तशाच निघाल्या, अनवाणी, मखमलाबादपासून द्वारकेपर्यंत चालत. वाटेत भेटेल त्याला विचारत होत्या, निळ्या स्कूटरवाला उंच होता की बुटका? इकडे हे त्याच जखमी माणसाला रिक्षात घालून दवाखान्यात पोचवायला गेले होते. परत आले तर द्वारकेच्या चौकात बायको उभी. वहिनींनी चारचौघांत त्यांच्या पाठीत दोन धपाटे घातले आणि मुकाट्याने स्कूटरवर मागे बसल्या. घर येईपर्यंत त्यांनी यांचा सदरा मुठीत घट्ट धरून ठेवला होता. हे सांगताना वहिनी हसत होत्या. भास्करराव उठून उगाच गोठ्याकडे गेले.

दोन वर्षांपूर्वी कमलवहिनी गेल्या. अपघात नाही की काही नाही. काविळीचं निमित्त झालं आणि पंधरा दिवसांत सगळं संपलं. महिन्याभराने भास्करराव कामावर आले. गाडी तीच, रस्ता तोच. अपघात दिसला की अजूनही थांबायचे, उतरायचे, कुणाला पाणी द्यायचे, पण फोन करणं बंद झालं. आमच्याकडेसुद्धा. ओट्यावरची भांडी वाचली, असं मी गमतीने म्हणालो, तर सुनंदा हातातलं काम टाकून आत निघून गेली.

या थंडीत एका संध्याकाळी परत येताना मोहदरी घाटात टोमॅटोची पिकअप उलटलेली दिसली. ड्रायव्हर शाबूत होता, दगडावर बसून पाणी पीत होता. रस्ताभर टोमॅटोचा लाल चिखल झालेला. भास्करराव उतरले, त्याच्याशी बोलून परत आले आणि सवयीने खिशातून फोन काढला. पडद्यावर सगळ्यात वर 'घर' असं नाव होतं. अंगठा त्याच्यावर नेऊन ते तसेच बसून राहिले.

मी म्हणालो, "मनमाडला लावा की."

"त्यांना आता फोनवर काहीच ऐकू येत नाय."

"मग आमच्याकडे लावा."

त्यांनी फोन परत खिशात घातला. मग म्हणाले, "आधी घरी, मग दुसरीकडे, अशी रीत हाय, मास्तर. पहिलाच फोन नाय, तर दुसरा कसा करायचा?"

दोन वर्षं मी या माणसाच्या शेजारी बसून जात-येत होतो आणि मला हे कळलं नव्हतं. स्वतःची इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल. मी माझ्या फोनवरून सुनंदाला फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला. "वहिनी..." म्हणाले आणि थांबले. फोनचा आवाज मोठा होता, सुनंदाचं बोलणं मला स्वच्छ ऐकू आलं.

"भाऊजी? तुम्हाला काही लागलंय का?"

ती त्यांच्याबद्दल विचारत होती. फोन माझा होता, तरी माझी चौकशी तिने केली नाही.

"नाय," भास्करराव म्हणाले. "मी बरा हाय."

"मग फोन करायला इतके दिवस का लावले?" सुनंदाचा आवाज चढला होता. "इकडे माणसाने काय समजायचं?"

भास्कररावांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "चुकलं, वहिनी," एवढंच म्हणाले आणि फोन कानाला लावून तसेच बसून राहिले. ती त्यांना बराच वेळ रागावत होती. मागून गाड्यांचे हॉर्न वाजत होते आणि शेजारून जाणारा प्रत्येक जण वेग कमी करून आमच्या गाडीत डोकावून बघत होता.