शिट्टी वाजवणारे काडतूस

न्याहारीच्या टेबलावर आर्डिसने तो कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढून बाजूला ठेवला. शनिवारी सेज कूली पिस्तूल मंडळाच्या भिंतीवर एक पितळी पाटी ठोकली जाणार होती आणि तिच्यावरचा मजकूर तिच्या नवऱ्याने स्वतःच लिहून दिला होता: 'थर्मन हॅल्व्हर्सन. स्वहस्ते काडतुसे भरण्याची तीस वर्षे. चुका: ०.'

"शून्य?" आर्डिस म्हणाली.

"शून्य."

"अरे, देवानंसुद्धा सगळी सृष्टी करून झाल्यावर बघितलं आणि 'चांगलं झालंय' एवढंच म्हणाला. बिनचूक झालंय, असं नाही म्हणाला."

"त्यानं मोजलं नव्हतं," थर्मन म्हणाला आणि पाय आपटत तळघरात उतरला.

मोंटानाच्या उघड्याबोडक्या माळावर चाळीस वर्षे भूमापन करून थर्मन निवृत्त झाला होता. मनुष्यजातीने आजवर केलेल्या बहुतेक विध्वंसाच्या मुळाशी 'साधारण तेवढंच' हे दोन शब्द आहेत, असे त्याचे मत होते. आणि ते खोडून काढील असा पुरावा इतिहासाने अद्याप दिलेला नाही. त्याच्यापाशी पंचेचाळीस नंबरचे एक लांब नळीचे रिव्हॉल्व्हर होते. त्यात विकतचे काडतूस घालणे म्हणजे पाहुण्याच्या पानात शिळे वाढणे, असे तो समजे. तेव्हा रिकाम्या पितळी पुंगळ्या निवडायच्या त्याने, शिसे वितळवून गोळ्या ओतायच्या त्यानेच, दारू मापायची त्यानेच.

आणि इतरांच्या चुका मोजायच्या, त्याही त्यानेच. मंडळाच्या मासिक पत्रकात तो 'या महिन्याची चूक' हे सदर लिही, आणि त्यात चुकणाऱ्याचे नाव छापून येई. मागच्या महिन्यात वेंडेल प्रुइटचा नंबर लागला होता. वेंडेल निवृत्त नळकारागीर, थर्मनचा तीस वर्षांचा मित्र. एका हाताने दालचिनीचा रोल खात दुसऱ्या हाताने काडतुसे भरणारा. त्याने एक गोळी उलटी बसवली होती आणि तिला साखर चिकटली होती. बिघडलेल्या काडतुसातून गोळी काढण्यासाठी एक पोकळ डोक्याचा हातोडा मिळतो. त्याविषयी थर्मनने लिहिले होते: 'हा हातोडा घरी बाळगणारा मनुष्य आपण चुकणार असल्याचे विधात्याला आगाऊ कळवून ठेवतो.' थर्मनच्या घरी तो नव्हता. वेंडेलच्या घरी दोन होते, आणि तिसरा गाडीत.

तळघरात थर्मनचे नियम ठरलेले होते. काम सुरू करण्यापूर्वी डाव्या कानातले श्रवणयंत्र काढायचे आणि बूटपॉलिशच्या रिकाम्या डबीत ठेवायचे, म्हणजे जगाचा व्यत्यय बंद. उजवा कान त्याने तारुण्यातच रिव्हॉल्व्हरला वाहिला होता. त्या गुरुवारी मात्र देवाच्या अजागळपणाविषयी मनातल्या मनात युक्तिवाद चालू असल्यामुळे यंत्र काढायचे राहून गेले. पन्नास भोकांच्या लाकडी पाटीत पन्नास पुंगळ्या तोंडे उघडून उभ्या राहिल्या, प्रत्येकीत मापून दारू पडली, आणि थर्मन तपासणीला लागला. पंचेचाळीसची पुंगळी जुन्या काळची, ऐसपैस असते. दारू तळाशी असते आणि वर ओसरीएवढी जागा रिकामी राहते. चुकून दुप्पट दारू पडली तरी वरवर कळत नाही. म्हणून थर्मन विजेरी धरून, मान डावीकडे वाकवून, प्रत्येक पुंगळीत एका डोळ्याने पाहत असे. शिस्तीची ही कमाल होती. या शिस्तीनेच घात केला.

चौथ्या ओळीवर असताना वरच्या मजल्यावरचा आर्डिसचा रेडिओ एकाएकी बंद पडला. तिला पश्चात्ताप झाला असावा, असे थर्मनला वाटले. त्याने तिला मनोमन क्षमा केली, उरलेली ओळ तपासली आणि पन्नासही पुंगळ्यांवर गोळ्या बसवल्या.

दुपारी जेवायला तो वर गेला तेव्हा रेडिओचा दिवा लागलेला होता आणि आर्डिसचे ओठ हलत होते. आवाज मात्र कशाचाच नव्हता. थर्मनने कान चाचपला, खाली जाऊन डबी उघडली. डबी रिकामी होती.

"इथंच ठेवलं होतं!" तो गरजला. बहिऱ्या माणसाचे स्वगतही गर्जना असते. "रोज ठेवतो तसं!"

चोर कोण, हे तर्काने ठरले. डबी रिकामी, तळघरात दुसरा जीव एकच, आणि त्या जिवाने, म्हणजे डीकन नावाच्या म्हाताऱ्या शिकारी कुत्र्याने, गेल्या नाताळात मेणबत्ती खाल्ली होती. निष्कर्ष अटळ होता. शुक्रवारी पहाटेपर्यंत थर्मन हातात बागेतली खुरपी घेऊन बर्फातून डीकनच्या मागे मागे हिंडला आणि डीकनने मागे ठेवलेला प्रत्येक पुरावा त्याने भूमापकाच्या चिकाटीने तपासला. आरोपी निर्दोष निघाला. सुटका होताच तो तडक तळघरात गेला आणि काडतुसांच्या पेटीसमोर बसून, मान तिरकी करून, बारीक सुरात रडू लागला.

"त्याला पश्चात्ताप होतोय," थर्मन म्हणाला.

आर्डिसने फ्रिजवरच्या पाटीवर खडूने लिहिले: 'घरात कुठेतरी शिट्टी वाजतेय. पाण्याची टाकी फुटणार बहुतेक. वेंडेलला बोलावलंय.'

वेंडेल आला तो एका हातात रोल आणि दुसऱ्या हातात पाना घेऊन. त्याने टाकीला कान लावला, एकेका नळाला पेचकस टेकवून ऐकले, आणि शेवटी कुत्र्याशेजारी गुडघ्यांवर बसला. मग त्याने पेटी उचलून कानाशी धरली.

"आर्डिस," तो हळूच म्हणाला, "तुझ्या नवऱ्याच्या काडतुसांना वाचा फुटलीय गं."

आर्डिसने पेटी घेतली, ऐकले आणि पायरीवर बसली. तो सूर ती बारा वर्षे उशीशेजारी ऐकत आली होती. मुठीत बंद झाले की थर्मनचे श्रवणयंत्र असेच किंचाळे. तिने पाटीवर तीन शब्द लिहिले आणि नवऱ्याच्या नाकासमोर धरले.

थर्मनने ते वाचले. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"माझ्या काडतुसात पुंगळी असते, ठिणगीची टोपी असते, दारू असते आणि गोळी असते. पाचवी वस्तू नसते."

"अरे शहाण्या, पाचवी वस्तू शिट्टी मारतेय!" वेंडेल त्याच्या कानाशी ओरडला.

"मला काही ऐकू येत नाही."

"का ऐकू येत नाही, त्याचाच तर हा पुरावा आहे ना रे!"

"ज्याच्या गोळीला साखर लागते, त्याची साक्ष मी धरत नाही. आणि कुत्रा पूर्वग्रहदूषित आहे."

हा वाद पाऊण तास चालला. थर्मनने एकामागून एक मुद्दे मांडले आणि ते सगळे निर्दोष होते. मग आर्डिसने पेटीला पुन्हा कान लावला आणि तिचा चेहरा उतरला. शिट्टी थांबली होती. त्या यंत्राच्या सेलला हवा लागते. पितळ आणि शिसे यांच्यामध्ये होती तेवढी हवा संपली होती.

"थांबली?" पाटी वाचून थर्मन म्हणाला. "म्हणजे नव्हतीच."

आर्डिस उठली. तिने खडू ठेवून दिला, नवऱ्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि एकेक शब्द सुटा करून त्याच्या कानात म्हणाली, "उद्या चाप ओढलास, यंत्र नळीत अडकलं, आणि मागून दुसरी गोळी आली, तर तुझ्या त्या लाडक्या रिव्हॉल्व्हरचं काय होईल? त्या शून्याखाली मी तुझी बोटं मोजत बसू?"

थर्मनने कपाटातून नाजूक तराजू काढला. भरलेले काडतूस त्याने आजवर कधी तोलले नव्हते. तोलणे हे शंकेखोरांचे काम, असे त्याने छापून दिले होते.

पहिले काडतूस तोलले. दुसरे तोलले. दहावे झाले, वीस झाली. वेंडेल आकडे कागदावर उतरवत होता. हळूहळू त्याचे चघळणे थांबले. पंचविसाव्याला त्याने रोल खाली ठेवला, तिसाव्याला टोपी काढली.

"हे शक्य नाही," तो पुटपुटला, आणि मग थर्मनच्या कानाशी ओरडला, "सगळी एकसारखी आहेत रे! शेवटच्या आकड्यात काय तो केसाएवढा फरक! मीही तीस वर्षं भरतोय, माझी तर लागोपाठची दोन कधी जुळली नाहीत!"

थर्मनची छाती फुगली. त्याने सदतिसावे काडतूस तराजूवर ठेवले. तराजूचे पारडे धाडकन खाली गेले.

डीकनने शेपूट एकदा जमिनीवर आपटले. उरलेली तेरा काडतुसेही तोलली गेली. तीही एकसारखी निघाली. एकोणपन्नास काडतुसे इतकी अचूक होती, म्हणूनच पन्नासावे लपू शकले नाही. दुसऱ्या कुणाच्या पेटीत ते सहज खपून गेले असते. हा विचार थर्मनला सुचला आणि सर्वनाशाच्या त्या घटकेलाही तो सुखावला.

वेंडेल गाडीतून हातोडा घेऊन आला. त्याने तो पुढे केला. तोंडातून चकार शब्द काढला नाही, हा त्याचा मोठेपणा. थर्मनने काडतूस हातोड्याच्या डोक्यात बसवले आणि लाकडाच्या ओंडक्यावर तीन ठोके मारले. तिसऱ्या ठोक्याला गोळी सुटली, दारू सांडली, आणि दारूत माखलेले हरभऱ्याएवढे यंत्र बाहेर पडले. आर्डिसने ते पुसले, नवा सेल घातला, आणि थर्मनने ते कानात बसवले.

"आता ऐकू येतंय का रे?" वेंडेलने विचारले.

"तू तोंड बंद करून चघळत जा," थर्मन म्हणाला.

शनिवारी मंडळाच्या लाकडी सभागृहात पाटी ठोकली गेली, आणि वेंडेलला राहवले नाही. त्याने सगळी हकीकत हातवारे करून सांगितली: शिट्टी, कुत्रा, खुरपी, हातोडा. लोक पोट धरधरून हसले. हसू ओसरल्यावर मंडळाची अध्यक्षा लोरेन टिबेट्स म्हणाली, "वेंडेल, तुझ्या त्या अस्वलाच्या गोष्टीपेक्षा ही बरी आहे. पण थर्मन आणि चूक? काहीतरी पटेल असं सांगत जा की."

"अगं, देवाशपथ खरं आहे!"

"मागच्या महिन्यात त्यानं तुझं नाव छापलं, त्याचा राग काढतोयस. कळतं आम्हाला."

थर्मनच्या कानातले यंत्र उत्तम चालत होते. त्याने प्रत्येक शब्द ऐकला. त्याच्या डोळ्यांदेखत एक खोटा आकडा भिंतीवर चमकत होता आणि खरी साक्ष देणाऱ्याला लोक लबाड म्हणत होते. तो उभा राहिला.

"वेंडेल खरं बोलतोय. सदतिसावं काडतूस. चूक माझी."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

"याला म्हणतात मैत्री!" लोरेन डोळे पुसत म्हणाली. "मित्राला तोंडघशी पडू द्यायचं नाही म्हणून स्वतःवर घेतोय. मोठ्या मनाचा गं बाई!"

थर्मनने यंत्रावरचा शिशाचा ओरखडा दाखवला. "कुत्र्यानं चावलं असेल," लोक म्हणाले. त्याने 'या महिन्याची चूक' स्वतःच्या नावाने लिहून काढली, वजनांच्या तक्त्यासह. तुझ्यात एवढा विनोद दडला असेल असं वाटलं नव्हतं, अशी चार पत्रे आली. तीस वर्षांत एकदाच त्याने चूक केली होती, तीही नोंद घेण्याजोगी, आणि तिची नोंद घ्यायला कुणी तयार नव्हते.

पुढच्या सभेला लोरेन रागाने लाल होऊन पाटीसमोर उभी होती. कुणीतरी पितळेवरचे शून्य अणकुचीदार हत्याराने खोडले होते आणि त्याच्या शेजारी इंग्रजी एकाचा आकडा, म्हणजे एक उभी रेघ, कोरली होती.

"वेंडेल प्रुइट, उभा राहा," ती म्हणाली. "लाज वाटत नाही?"

"मी?" वेंडेल तोंडातला घास गिळत उठला. "अगं लोरेन, आधी ती रेघ बघ की नीट! जन्मात कधी मला इतकी सरळ रेघ मारता आलीय का? मी बसवलेला नळसुद्धा तिरका असतो!"

लोरेनने गुणांच्या पत्रिकेची कड त्या रेघेला लावली. मधून उजेडाची फटसुद्धा दिसली नाही. उंची शेजारच्या अक्षरांएवढी, कडेपासूनचे अंतर दोन्ही बाजूंना सारखे. एकेक करून साऱ्या माना थर्मनकडे वळल्या, आणि या खेपेला कुणी टाळी वाजवली नाही.

थर्मन ताठ उभा होता. एवढा ताठ तो पाटी ठोकतानाही नव्हता.

"वरच्या कडेशी नेमकी काटकोनात आहे," तो म्हणाला. "शंका असेल त्यानं मोजून बघावं."

मागच्या बाकावरून आर्डिस उठली, पाटीपाशी आली, चष्मा लावून तिने ती रेघ वरपासून खालपर्यंत पाहिली.

"चांगलं झालंय," ती म्हणाली.

आणि थर्मनने तिला दुरुस्त केले नाही.