गुहेला ताप

गुहेला ताप चढत होता आणि त्यापायी सूनबाईची झोप उडाली होती. डोंगरातल्या गुहेचं तापमान, ओलावा, हवा ऋतूनुसार कशी बदलते यावर लक्ष ठेवणं ही तिची नोकरी. हिवाळा सुरळीत गेला. उन्हाळा लागला तसा सगळ्यात आतल्या दालनाचा आलेख रोज दुपारी डोकं वर काढू लागला. तापमान किंचित वाढे, पण कार्बन डायऑक्साइड भलताच. संध्याकाळी पुन्हा सगळं शांत.

"भिंतीवरची चित्रं गेली तर तोंड कुठं दाखवायचं?" साहेब म्हणाले. "सोमवारपासून गुहा बंद. गरज लागली तर कायमची."

गुहा बंद म्हणजे तिकीटखिडकीही बंद, आणि खिडकीत बसायचा तिचा नवरा. सूनबाईने डबा तसाच झाकून ठेवला, टॉर्च उचलला आणि तडक गुहा गाठली. दारात पहारेकरी आडवा आला.

"आत्ता नको ताई. आत ओल आहे फार."

"ती मोजायचाच पगार मिळतो मला."

आतल्या दालनापाशी घरघर ऐकू आली. छत तडकतंय की काय, म्हणून तिने टॉर्च वर मारला. तेवढ्यात घरघर थांबली, खोकली आणि पुन्हा सुरू झाली. तो खोकला घरचा होता. हवा मोजायच्या यंत्राच्या बरोबर खाली चटई टाकून, मानेखाली हवेची उशी घेऊन सासरे गाढ झोपले होते.

"बाबा, तुम्ही वाचनालयात असता ना दुपारी?"

सासऱ्यांनी एकच डोळा उघडला. "हळू बोल. इथं आवाज घुमतो."

"तुमच्या श्वासानं अख्खं ऑफिस हवालदिल झालंय."

"एवढा दम आहे अजून?" त्यांना मनापासून बरं वाटलं.

सूनबाई तिथेच खाली बसली. गुहा ठणठणीत होती. साहेबांनी सगळं ऐकलं, डोळे मिटून लांब श्वास सोडला आणि गुहा बंद करायचा आदेश फाडून टाकला. "चटई तेवढी उचलायला सांगा," एवढंच म्हणाले.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांना हे कसं सांगावं याची जुळवाजुळव करतच ती घरात शिरली.

"आई, बाबा वाचनालयात जात नाहीत."

"जातील कुठून? ते कधीच बंद पडलंय," सासूबाई शेंगा सोलत म्हणाल्या. "उशी मीच आणून दिली. पहारेकऱ्यालाही मीच गळ घातली. रिटायर झाल्यापासून दुपारभर डब्यांची झाकणं उघडून बघत माझ्या मागे मागे हिंडायचे. मला डोळा कधी लागायचा?"

आठवडाभरात पहिल्यांदाच सूनबाई खळखळून हसली.

"गुहा वाचली, छान झालं," सासूबाईंनी टरफलं बाजूला सारली. "आता दुपारी यांना ठेवायचं कुठं, तेवढं तुझ्या साहेबांना विचारून ये."